सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वडिलांचा गणपती

प्रश्न : मी तत्त्वज्ञानात एमए करतोय. ज्याच्या वर कुणी नाही ती सत्ता म्हणजे सार्वभौम, असं राज्यशास्त्रात शिकलो होतो. आता जॉर्ज बाताय हा फ्रेंच लेखक म्हणतो की, उपयोगाचा विचार सोडून जगणं म्हणजे सार्वभौमत्व. माझे वडील रिक्षा चालवतात. दर गणपतीला गावी जातात आणि वर्षभर साठवलेलं सात दिवसांत संपवून येतात. यावरून आमची भांडणं होतात. ते सार्वभौम की नुसते उधळे? आणि घोडबंदर रोडवरच्या लॉनवर लग्नात लाखोंचे फटाके उडवणारेही मग सार्वभौमच का? – एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात कॉस्टिंगला होतो. उधळपट्टी पकडणं हीच माझी नोकरी, तेव्हा तुमचा प्रश्न योग्य माणसाकडे आलाय की अगदी चुकीच्या, ते तुम्हीच ठरवा.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कानठळ्या बसवणारा आवाज, पांढरा लोट आणि पत्र्याच्या कडेवरून टपटपणारं गरम पाणी. मी लगेच वही काढली आणि बॉयलर अटेंडंटला विचारलं, ‘‘एवढं तेल फुकट गेलं, कुणाच्या नावावर टाकू?’’ कॉटन वेस्टला हात पुसत तो म्हणाला, ‘‘साहेब, वाफ गेली तर तेल जातं. नाही गेली तर आपण जातो.’’

पुढे कितीतरी वर्षांनी बाताय वाचला, तेव्हा हा अटेंडंट आठवला. बाताय (१८९७-१९६२) पेशाने ग्रंथपाल. जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन १९४०मध्ये पॅरिस सोडून निघाला तेव्हा त्याने आपली हस्तलिखितं याच्याकडेच ठेवायला दिली होती. बातायने १९३३मध्ये खर्चाच्या कल्पनेवर एक लेख लिहिला आणि १९४९मध्ये ‘ला पार मोदित’ हे पुस्तक. नावाचा अर्थ, शापित वाटा. म्हणणं असं : सूर्य देतो, परत काही मागत नाही. जगायला आणि वाढायला लागते त्याहून जास्त ऊर्जा सजीवांकडे येते. वाढ कुठेतरी अडते, मग उरलेलं जाणारच. ते सणात जाईल, देवळात जाईल, नाहीतर युद्धात. दोन महायुद्धं पाहिलेला माणूस आहे हा. अमेरिकेने युरोपला मदत देऊ केली त्या मार्शल योजनेवर त्याने याच पुस्तकात एक प्रकरण लिहिलंय, ते उगाच नाही. साठलेली संपत्ती बंदुकांऐवजी अशी बाहेर पडली तर बरं, असा त्याचा हिशेब.

आता सार्वभौमत्व. आपल्या शब्दातच जमीन आहे, सर्व भूमीचा धनी तो सार्वभौम. फ्रेंच शब्दाच्या मुळाशी नुसतं ‘वरचा’ एवढंच आहे. त्यामुळे गुंठाभर जमीन नसलेला माणूसही बातायच्या लेखी सार्वभौम होऊ शकतो. त्याचं उदाहरण मजुराचं आहे. मजुरीच्या पैशातून तो वाइनचा एक पेला घेतो. ताकद येईल म्हणून घेतो असं म्हणता येईल, पण त्या घोटाबरोबर सगळं जग क्षणभर आपल्या हातात आल्यासारखं वाटतं, ती खरी गोष्ट. आजचा दिवस उद्याच्या चाकरीला लावायचा नाही. इथे पैसा किती हा मुद्दाच नाही.

म्हणून घोडबंदरचं लग्न या व्याख्येत बसत नाही. तिथे कुणाला कुठल्या रांगेत बसवायचं ते आधीच ठरलेलं असतं. ती गुंतवणूक आहे, फक्त पावती मिळत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींचा ‘पॉटलॅच’ हा सोहळा बातायला मार्सेल मोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाकडून मिळाला. त्यात प्रमुख आपली संपत्ती वाटून टाकतात, काही ठिकाणी मोडूनतोडूनही टाकतात. कॅनडा सरकारने १८८५पासून १९५१पर्यंत त्यावर कायद्याने बंदी घातली होती. पण वाटणाऱ्याचा मान वाढतो, आणि मान म्हणजे पुन्हा कमाईच. ही गोम बातायच्या लक्षात आली होती. आपल्याकडे ‘रघुवंशा’त विश्वजित यज्ञात सगळं देऊन टाकलेला रघू मातीच्या भांड्यातून अर्घ्य देतो. त्याच्यापाशी कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागायला येतो, आणि रात्रीत कुबेर खजिना भरून टाकतो. रिकामा खजिना कालिदासालाही फार वेळ बघवला नाही!

वडिलांचं काय ते मी इथे बसून सांगू शकत नाही. परत आल्यावर ‘यंदा वाडीत नाव झालं’ म्हणतात का? तर तो पॉटलॅच. त्याबद्दल अवाक्षर न काढता दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर रिक्षा लावत असतील, तर गोष्ट वेगळी. तुम्ही भांडता ते मात्र चूक नाही. एकूण सृष्टीकडे जास्तीचं आहे, पण एकट्या जिवाला तुटवड्याचीच धास्ती असते, हे खुद्द बातायनेच लिहिलंय. रिक्षाचा हप्ता एकट्या जिवाच्या बाजूला पडतो.

माझी तक्रार आणखी एक आहे. गणपतीनंतरचा महिना घरात कोण काढतं? डाळीत पाणी कोण वाढवतं? मजुराच्या पेल्याबद्दल बाताय इतकं छान लिहितो, पण त्या रात्री मजुराच्या घरी काय शिजलं ते त्याच्या वहीत नाही. आईला विचारून बघा. त्या सात दिवसांत आई पाहुण्यांसाठी चुलीपुढे असतात की त्याही गौरीपुढे फुगड्या घालतात?

प्रश्न : फुको आणि देरिदा हे फ्रेंच तत्त्वज्ञ बातायचे शिष्य होते का? – एक वाचक, वाशी

उत्तर : शिष्य नव्हेत, पण ऋणी नक्की. बातायने १९४६मध्ये काढलेल्या ‘क्रितिक’ या नियतकालिकातच फुकोने तो गेल्यावर, १९६३मध्ये, मर्यादाभंगावर लेख लिहिला. देरिदाचा बातायवरचा लेख १९६७चा. बाताय जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला हसतो खरा, पण हेगेल पुरता पचवून हसतो, असा त्याचा रोख आहे. तेव्हा आधी हेगेलचं मालक-गुलाम प्रकरण वाचा. मी उलट्या क्रमाने गेलो आणि तिसऱ्या पानावर झोपलो.