हाताने चालवायच्या मिलिंग मशीनचं रोटरी टेबल पीसीवरून फिरवता येईल का?

येईल, आणि त्यासाठी अख्खं मशीन सीएनसी (संगणकाने चालणारं) करायची गरज नाही. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिलिंग हातानेच करायचं, पण ७२:१ चं रोटरी टेबल (जॉब कोनात फिरवणारं टेबल, हँडलच्या ७२ फेऱ्यांना त्याचा एक फेरा) पीसीने फिरवून लेथसाठी १२७ दातांचं चेंज गिअर कापायचं. जमल्यास कूलंट पंप आणि व्हॅक्युमही पीसीवर आणायचे. हाताशी पॅरलल पोर्टवाला जुना डेस्कटॉप पडून आहे.

स्टेपर मोटर दर पल्सला, म्हणजे विजेच्या एका ठोक्याला, एक ठरावीक पाऊल (स्टेप) फिरते. तिला लागतात एकसारख्या अंतराने येणाऱ्या पल्स, आणि इथेच घोडं पेंड खातं. विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम मधेच काही मिलिसेकंद थांबतो, कारण तेवढ्यात सिस्टीमला दुसरं काहीतरी करायचं असतं. माणसाला ते कळतही नाही, पण वेगात फिरणारी मोटर तेवढ्यात स्टेप चुकवते आणि ती चुकल्याचं कुणालाच सांगत नाही. म्हणून पल्स बनवायचं काम एका छोट्या बोर्डाला द्या. आर्डुइनो उनो या बोर्डावर जीआरबीएल (आज्ञा वाचून मोटरसाठी पल्स बनवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की झालं. पीसीने फक्त ‘अमुक अंशावर जा’ एवढं यूएसबीवरून सांगायचं. जीआरबीएल तीनच अक्ष चालवतं, पण तुम्हाला लागतो एकच.

जोडणी सोपी आहे. टेबलाचं हँडल काढून तिथे कपलिंगने नेमा २३ मापाची स्टेपर बसवा. ड्रायव्हर (पल्सप्रमाणे मोटरला करंट देणारा डबा) डीएम५४२ किंवा तशा जातीचा घ्या. उनोची पिन २ पल्ससाठी, पिन ५ दिशेसाठी. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही सोडवू नका, ड्रायव्हर जळतो.

आता आकडे. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर १/८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) म्हणजे १६०० पल्स, गुणिले ७२ म्हणजे टेबलाच्या एका फेऱ्याला १,१५,२०० पल्स. (जीआरबीएलचा सीरियल वेगही ११५२००च असतो. निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधत बसू नका.) भागिले ३६०, म्हणजे अंशाला ३२० पल्स. जीआरबीएलला अंश कळत नाहीत, तो मिलिमीटरच समजतो, समजू द्या. सेटिंग $१०० मध्ये ३२० भरा, की त्याचा एक मिलिमीटर म्हणजे तुमचा एक अंश. $११० हा कमाल वेग १५०० ठेवा, म्हणजे मोटर ३०० आरपीएमने फिरेल. त्याहून घाई करून फायदा नाही, वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क पडतो. आणि $१ मध्ये २५५ भरायला विसरू नका, नाहीतर हालचाल संपताच मोटरचा करंट बंद होतो आणि टेबल सैल पडतं. (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

एक पल्स म्हणजे सव्वाअकरा सेकंद कोन (कोनाचा सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). याला अचूकता समजू नका. हौशी टेबलाच्या वर्म गिअरची स्वतःची चूक याहून मोठी असते. मायक्रोस्टेप घ्यायचे ते मोटर गुळगुळीत चालावी म्हणून.

१२७ ही मूळ संख्या आहे. टेबलाबरोबर येणाऱ्या इंडेक्सिंग प्लेटमध्ये (भोकं मोजून हाताने कोन साधायच्या चकतीत) १२७ भोकांचं वर्तुळ सहसा नसतं, म्हणून हा गिअर हाताने कापणाऱ्याला घाम फोडतो. पीसीला त्याचं काहीच नाही, पण हिशेब नीट मांडला तरच. ३६० भागिले १२७ म्हणजे २.८३४६ अंश आणि पुढे शेपूट. समजा तुम्ही प्रत्येक दाताला ‘अजून २.८३ पुढे जा’ अशी सापेक्ष आज्ञा दिली, तर १२७ वेळा मिळून ३५९.४१ अंशच होतात. राहिलेला ०.५९ अंश सगळा शेवटच्या दातात जातो. मोड्यूल १ च्या गिअरवर (मोड्यूल म्हणजे दाताचं माप) तो दात सुमारे ०.६५ मिमीने जास्त जाड निघेल. दीड मिमीच्या जागी सव्वादोन मिमीचा दात म्हणजे गिअर भंगारात. म्हणून जी९० ही आज्ञा लावून नेहमी शून्यापासूनचा कोन द्या: २.८३४६, ५.६६९३, ८.५०३९, असं. दर वेळी फार तर अर्धी पल्स चुकेल आणि ती चूक साठत जाणार नाही. प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात ३६० गुणिले ओळक्रमांक भागिले १२७ करा, आकड्याआधी जी० एक्स (‘एक्स अक्ष इथे ने’) चिकटवा, प्रत्येक ओळीनंतर एम० ची ओळ घाला आणि टेक्स्ट फाइल म्हणून साठवा.

एम० म्हणजे थांबा. टेबल दातावर येऊन थांबतं, तुम्ही क्लॅम्प घट्ट करता, कट मारता, कटर बाहेर काढता, क्लॅम्प सैल करता. पुढे जायला उनोच्या ए२ पिनपासून ग्राउंडपर्यंत एक फूट स्विच लावा. ती जीआरबीएलची सायकल स्टार्टची पिन आहे. दोन्ही हात मशीनवर राहतात आणि तेलकट बोटं कीबोर्डला लागत नाहीत. मात्र सेंडर प्रोग्रॅम (पीसीवरून बोर्डाला फाइल पाठवणारा) असा निवडा की जो ओळ जशीच्या तशी बोर्डाला पाठवतो. काही सेंडर एम० स्वतःच अडवून माऊस मागत बसतात.

या फूट स्विचची वायर हीच सगळ्यात नाजूक जागा. उनोचा आतला पुल-अप (स्विच दाबलेला नसताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) कमजोर असतो. लांब वायर स्पिंडलच्या मोटरशेजारून गेली की ती अँटेनासारखी वागते आणि पाय न लावताच टेबल पुढे सरकू शकतं. तेही कटर कामात असताना! क्लॅम्प आवळलेला असेल तर मोटर अडकून स्टेप चुकतील, सैल असेल तर जॉब फाटेल. उपाय क्षुल्लक आहे: बोर्डाजवळच ए२ ते ५ व्होल्ट ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ए२ ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वायर शील्डेड घ्या आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

बॅकलॅशचं (दिशा बदलताना जाणवणाऱ्या गिअरमधल्या ढिलाईचं) गिअर कापताना फारसं भय नाही, कारण टेबल एकाच दिशेने जातं. फक्त सुरुवातीला उणे २ अंशावर जाऊन मग शून्यावर या. दुसरा पास मारायचा असेल तर मागे फिरू नका. रकाना १२८, १२९ असा पुढेच चालवा. ३६० च्या पुढच्या कोनाला जीआरबीएल हरकत घेत नाही. आणि काम संपेपर्यंत सेंडर बंद करू नका. सीरियल पोर्ट पुन्हा उघडला की उनो रीसेट होतो आणि टेबल कुठे आहे हे विसरतो. पीसीचा स्लीप मोडही आधीच बंद करून ठेवा, नव्वदाव्या दाताला स्क्रीन काळी झाली की कपाळाला हात लावायची वेळ येते.

पहिल्या जॉबआधी टेबलावर कडेला एक पिन उभी करून तिला डायल गेज टेकवा, वाचन लिहून घ्या, डायल बाजूला करा आणि एक्स ३६०० द्या, म्हणजे दहा फेरे. डायल परत लावल्यावर वाचन जुळलं नाही तर एकतर स्टेप चुकताहेत किंवा कपलिंगचा स्क्रू घसरतोय. माझा पहिला संशय नेहमी स्क्रूवर असतो.

कूलंट पंप एम८ ने चालू आणि एम९ ने बंद. सिग्नल ए३ पिनवर येतो. रिले मॉड्यूल हाय-लेव्हल ट्रिगरचं घ्या. लो-लेव्हलवालं लावलं तर सगळं उलटं होईल आणि बोर्ड चालू होताच पंप सुरू होईल. पंपावर स्नबर (बंद-चालू होताना उठणारा विजेचा झटका शोषणारा भाग) बसवा, मेन्सची वायरिंग वेगळ्या, अर्थिंग केलेल्या डब्यात ठेवा. व्हॅक्युम पीसीवर आणूच नका. स्पिंडलचा करंट ओळखून व्हॅक्युम चालू करणारे स्वयंचलित स्विच मिळतात, ते पुरेत. तसाही ओला कीस साध्या व्हॅक्युमने ओढायचा नसतो, त्यामुळे दोन्ही एकदम लागणार नाहीत.

इमर्जन्सी स्टॉप मात्र ना पीसीमधून, ना उनोमधून. लाल बटणाने स्पिंडलचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) थेट तोडला पाहिजे.

राहिला तो डेस्कटॉप. या कामासाठी त्याचा पॅरलल पोर्ट लागत नाही, यूएसबी पुरे. पुढे कधी तीनही अक्ष मोटरवर न्यायचे ठरलं तर त्यावर लिनक्ससीएनसी (पीसीलाच पल्स बनवायला लावणारं सॉफ्टवेअर) टाकून त्याची लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसी किती उशीर करतो याची चाचणी, चालवा. चाचणी चालू असताना खिडक्या हलवा, फाइल कॉपी करा, मशीनला छळा. कमाल आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर तो डेस्कटॉप सोनं आहे. १०० च्या वर गेला तर त्याच्याकडून पल्स मागू नका. आणि यूएसबीला लावायची पॅरलल प्रिंटर केबल घेऊन हे काम होणार नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलते, पोर्टच्या पिना थेट हाती देत नाही.