मिस्टरांच्या रेरा नंबरवर काम चालू ठेवू का?

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांचं धनकवडीत फ्लॅट खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. मार्चमध्ये ते गेले. ऑफिसात मी कायम त्यांच्यासोबत असायचे. साइट दाखवणं, पार्टीशी बोलणं मलाही जमतं. त्यांच्या रेरा नोंदणीची (घरांच्या व्यवहारांच्या कायद्याखाली एजंटला लागते ती) मुदत अजून शिल्लक आहे. तोवर त्याच नंबरवर काम करा, असं ओळखीचे एजंट म्हणतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी नवा नियम टाकतं. त्यातलं खरं काय, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : ऑफिसचं शटर पुन्हा वर करायला तुम्हाला किती बळ लागलं असेल! म्हणूनच स्पष्ट सांगते, त्या नंबरवर एकही बुकिंग करू नका. वैयक्तिक नोंदणी त्या माणसापुरतीच असते. गाळ्यासारखी ती वारसाच्या नावावर होत नाही.

बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्याची स्वतःची नोंदणी हवी, असं रेरा कायद्याचं कलम 9 सांगतं. ती नसेल तर कलम 62 प्रमाणे दिवसाला 10,000 रुपये दंड आहे आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. आंबेगावातला 60 लाखांचा फ्लॅट धरा. दोन टक्क्यांनी ब्रोकरेज होईल 1 लाख 20 हजार आणि दंड जाऊ शकेल 3 लाखांपर्यंत. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हे ओझं तुमच्या एकटीवर येईल.

तेव्हा स्वतःच्या नावाने नोंदणी करा. आधी 20 तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस या संस्थेची परीक्षा, आणि ते प्रमाणपत्र हातात आलं की महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर अर्ज. व्यक्तीसाठी शुल्क 10,000 रुपये, मुदत पाच वर्षं. परीक्षेचं दडपण घेऊ नका. कार्पेट एरिया म्हणजे काय, करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम का घेता येत नाही, हे तुम्ही पार्टीला समजावत आला आहात. तोवर भाड्याची कामं करा, रेराच्या आधीच्या जुन्या सोसायट्यांमधले रिसेल करा. बोर्डावरचा आणि कार्डावरचा जुना नंबर मात्र आजच काढा.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. इथे माझा जीव तुटतो, कारण कामात चोख असलेली माणसं यात अडकलेली मी पाहिली आहेत. एजंटांना हे प्रमाणपत्र सक्तीचं करणारा आदेश 10 जानेवारी 2023 चा. जुन्या एजंटांना आधी 1 सप्टेंबर 2023 पर्यंत मुदत होती, ती पुढे 1 जानेवारी 2024 झाली. ‘मुदत वाढली’ एवढंच ग्रुपवर फिरलं आणि पुष्कळ जण निवांत झाले. 2024 मध्ये महारेराने प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी स्थगित केली. मुदतवाढीलाही शेवटची तारीख असते आणि नेमकी तीच फॉरवर्डमधून गळते.

म्हणून मूळ आदेशच उघडा. संकेतस्थळावर परिपत्रकं आणि आदेश मिळतात. आठवड्यातला एक ठरलेला वार त्यासाठी ठेवा. आदेशाचा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. मग तो कुणाला लागू आहे ते बघा. बऱ्याचदा तो फक्त बिल्डरसाठी असतो आणि आपण उगाच घाबरतो. मग कधीपासून लागू, ते. आधीच्या आदेशात दुरुस्ती असेल तर दोन्ही प्रिंट एकत्र टाचून ठेवा, नुसती दुरुस्ती वाचून काही कळत नाही.

क्यूआर कोडचंच बघा. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर तोही लागतो. पेपरातली मोठी जाहिरात बिल्डर सांभाळतो. आपण मात्र मोबाइलवर पटकन फ्लॅटचे फोटो जोडून, किंमत लिहून ग्रुपवर टाकतो. तीही जाहिरातच आहे. नोंदणी झाल्यावर असं काही टाकताना प्रकल्पाचा क्रमांक, क्यूआर कोड आणि स्वतःचा नोंदणी नंबर, तिन्ही बघूनच टाका.

राहिलं मिस्टरांनी जुळवलेल्या व्यवहारांचं ब्रोकरेज. ती त्यांची कमाई आहे, वारस म्हणून तुमचा त्यावर हक्क आहे. त्यांच्या वह्या, बिलं, बिल्डरशी झालेले मेसेज काही फेकू नका. सीएला दाखवून मगच येणं मागा.