दुपारी 140 टक्के ऑक्सिजन, मग पहाटे कटला का मेला?

प्रश्न (जत तालुका): प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडलेत. पाणी हिरवंगार आहे. दुपारी तीनला शेजाऱ्याच्या मीटरवर पाण्यातला ऑक्सिजन 140 टक्के आला. पुढचे दोन दिवस आभाळ होतं, तिसऱ्या पहाटे बरेच कटले उलटे तरंगत होते. कोरोनात घेतलेलं बोटाचं मशीन 98 च्या वर जात नाही, पाण्यात 140 कसा? मीटर बिघडलाय का?

उत्तर: दादा, मीटर ठीक असावा. घोळ टक्क्यांचा आहे, कारण दोन्हीकडे टक्के वेगवेगळ्या गोष्टीचे आहेत.

बोटाचं मशीन तांबडा आणि अवरक्त असे दोन उजेड बोटातून पार करतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलंय ते सांगतं. शंभर क्रेटपैकी 98 भरले, असा तो हिशोब. शंभराच्या वर क्रेटच नाहीत, म्हणून आकडाही वर जात नाही. पण एकूण क्रेट किती, हे ते सांगत नाही. हिमोग्लोबिन 14 असलेल्या गड्याचं 98 येतं आणि 7 असलेल्या बाईचंही 98 येऊ शकतं, तिच्या रक्तात ऑक्सिजन निम्माच असतो.

पाण्यात क्रेट नसतात. हवेला उघडं पाणी स्वतःहून जेवढा ऑक्सिजन विरघळवून घेतं, त्याला 100 टक्के म्हणतात. आपल्याकडच्या उंचीवर 30 अंशाच्या पाण्यात तो लिटरला 7 मिलिग्रॅमच्या आसपास, 20 अंशाला साडेआठ. (एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅम असतो. माशाचा संसार किती काटकसरीचा बघा.) उन्हात शेवाळ पाण्यातच ऑक्सिजन तयार करतं, तो हवेत निसटेपर्यंत आकडा शंभराच्या वर जातो. तुमचे 140 म्हणजे साधारण 10 मिलिग्रॅम.

सूर्य मावळला की तेच शेवाळ उलटा कारभार करतं. रात्रभर ते, मासे आणि तळाचा गाळ मिळून ऑक्सिजन खातात, आणि उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी होतो. आभाळ असलं की दिवसाची कमाई तुटपुंजी, रात्रीचा खर्च तेवढाच. कार्पला (कटला, रोहू, मृगळ हे सगळे त्याच कुळातले) 5 मिलिग्रॅमच्या वर बरं, 3 च्या खाली तो वर येऊन आ वासतो. कटला ऑक्सिजनच्या बाबतीत नाजूक, म्हणून पहिला तोच जातो. दुपारी 140 म्हणजे शेवाळ फार झालंय, पहाटे दगा होणार, असं समजायचं. मीटर पहाटे पाचला बुडवा आणि टक्के सोडून मिलिग्रॅम वाचा.

मासे वर तोंड काढताना दिसले तर लगेच मोटर लावा, वरच्या थरातलं पाणी उचलून पाइपने उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) तळाला टेकू देऊ नका, गाळ ढवळला तर होता नव्हता तो ऑक्सिजनही जाईल. बोअरचं पाणी थेट पाण्याखाली सोडू नका. त्यात ऑक्सिजन बहुधा कमीच असतो, तेही उंचावरूनच पडू द्या.

खाद्य आणि कोंबडखत आजपासून बंद. हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर पाणी जास्तच हिरवं आहे. अशा वेळी थोडं पाणी बागेला काढून नवं भरा. बोर्डोसाठी (बुरशीवरच्या फवाऱ्यासाठी) आणलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार, मात्र तळ्यात ओतू नका. दरवर्षी कुणी ना कुणी ओततंच. शेवाळ एकदम मरतं, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन ओढतं, शिवाय तांबं माशाला विषारी. मासे किती ठेवायचे हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला तळं दाखवून ठरवा, तो माझा प्रांत नव्हे.

प्रश्न (तासगाव तालुका): द्राक्षबागेत फवारणी करून आल्यावर गड्याला मळमळ, घाम, चक्कर. बोटाच्या मशीनवर 97 आलं. घरी झोपवला तर चालेल का?

उत्तर: नाही. कीटकनाशकाची बाधा सुरुवातीला त्या मशीनवर दिसेलच असं नाही. तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही लक्षणं 97 असतानाही असू शकतात. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, 108 ला फोन करा. औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.