वाचक विचारतात : मे महिना, मित्रमंडळी आणि राइड्स

आम्ही आठ मैत्रिणी मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार आहोत. थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात उरकतील का? (कोथरूड)

उरकतील, पण उरकणंच होईल. एकच निवडा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिथला उकाडा पुण्यापेक्षा चिकट असतो आणि दुपारी बारानंतर अंगातलं त्राण जातं. शक्यतो मधला वार धरा. शनिवारी सकाळी मुंबईकडून चढणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी तिकडे उतरणाऱ्या गाड्यांनी बोरघाट तुंबतो.

थीम पार्कला जायचं तर गेट उघडायच्या आधी पोचा आणि आत शिरल्याबरोबर नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरची रांग धरा. फोटो नंतर. सकाळच्या पहिल्या तासात ज्या राइडला पटकन नंबर लागतो, तिच्यासाठी दुपारी बराच वेळ ताटकळावं लागतं. अकरानंतर छपराखालच्या राइड्स आणि शो घ्या, ऊन कललं की पुन्हा बाहेर या. जेवण साडेअकराला किंवा अडीचला. एक वाजता जेवायला बसणाऱ्यांचा निम्मा वेळ कूपनच्या रांगेत जातो.

नाश्ता राइडच्या दोन तास आधी, इडली किंवा पोहे. मिसळीचा मोह परतीच्या वाटेवर पुरवा. गरगर फिरणाऱ्या राइड्स लागोपाठ घेऊ नका. डोळ्यांना एक दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो, म्हणून मळमळतं. मळमळलंच तर सावलीत बसून लांबच्या स्थिर वस्तूकडे बघा. घामाने गळून गेल्यास ओआरएस घ्या. तयार पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका, ते जास्त झालेलं वाईट.

परतताना घाट चढायचा आहे. गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा आणि तिला दुपारी तासभर झोपू द्या.

रोलर कोस्टरला पुढे बसावं की मागे? आणि गाडी मध्येच थांबली तर? (निगडी)

पुढच्या रांगेत दृश्य आणि वारा, मागच्या रांगेत ओढ. पुढचे डबे उताराला लागले की मागच्यांना खेचतात, त्यामुळे शेवटचा डबा माथा ओलांडतो तो वेगातच, आणि बसणारा सीटवरून उचलला जातो. पहिल्यांदाच बसणार असाल तर मधली रांग बरी.

चढावर जो टकटक आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा असतो. तो ऐकू आला तर घाबरू नका. मोठ्या कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकच गाडी राहू शकते. पुढची गाडी हलली नसेल किंवा एखाद्या सेन्सरला शंका आली, तर मागची आपोआप थांबते. म्हणजे थांबणं हा सहसा सुरक्षेचाच भाग. लॅप बार (मांडीवरचा दांडा) किंवा पट्टा स्वतः सोडवायच्या फंदात पडू नका, कर्मचारी येऊन उतरवतात. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग आले की वारा आणि विजांमुळे उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. उंच राइड सकाळी घ्यायचं हे आणखी एक कारण.

लोहगावच्या डायमंड वॉटर पार्कला जाताना जुना कॉटनचा टी-शर्ट आणि जीन्सची शॉर्ट चालेल ना? (विमाननगर)

बहुतेक वॉटर पार्कमध्ये चालत नाही, आणि नियम उगाच केलेला नाही. कॉटन पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडतं, त्याचे तंतू फिल्टरमध्ये जातात. जीन्सची बटणं आणि चेन फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे काढतात, मग त्याच ओरखड्यांनी पुढच्यांची पाठ सोलवटते. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख घरूनच न्या. भाड्याचा मिळतो, पण मापाचा मिळेलच असं नाही.

डोक्याला तेल चोपडून जाऊ नका आणि पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या. डोळे चुरचुरतात ते नुसत्या क्लोरीनने नव्हे; घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून जे तयार होतं त्याने. सनस्क्रीन पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि पायांचा वरचा भाग हमखास विसरला जातो, रात्री आग तिथेच होते.

उभ्या उताराच्या घसरगुंडीवर हात छातीवर, घोटे एकमेकांवर, मान मागे टेकलेली. मध्येच उठून बसलात तर तोल जातो. वजनाची मर्यादा फलकावर लिहिलेली असते. दोघांच्या ट्यूबला ती दोघांची मिळून धरतात.

मोबाइलचं वॉटरप्रूफ पाउच भरवशाचं असतं का? (हडपसर)

घरी तपासा. आत कोरडा टिशू पेपर घालून पाउच बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, वर वजन ठेवा. टिशू किंचितही ओला निघाला तर फोन लॉकरमध्ये.