टेक्सासचा भाचा आणि चोरलचे 11 बिघे

शेत-शिवार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरजवळ चोरलच्या अलीकडे आमची 11 बिघे वडिलोपार्जित जमीन आहे. 8 बिघ्यांत सोयाबीन, नंतर गहू-हरभरा होतो. नाल्याकाठचा 3 बिघ्यांचा तुकडा खडकाळ, खांकऱ्यांनी (पळसांनी) भरलेला, पडीकच आहे. आजोबा होळकरांच्या काळात शिकारीला जात. माझा भाचा टेक्सासला असतो. तिथे त्याच्या मित्रानं आपल्या रानात हरणांसाठी खास पेरा केलाय, मचाण बांधलंय, हंगामात तो शिकार करतो. भाचा म्हणतो, "मामा, नाल्याकडचा तुकडा आपणही जनावरांसाठी राखू. पाणी करू, मीठ ठेवू. घोडारोज (नीलगायी) पीक खातातच, तर वर्षाला एखादा मारायची परवानगी काढू." हे कितपत जमेल? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : तुमच्या भाच्याचं अर्धं म्हणणं मला मनापासून आवडलं. न आवडलेलं अर्धं आधी उरकून टाकते.

जमीन तुमच्या नावावर आहे, तिथं चरायला येणारा घोडारोज नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. फास लावणं, हाका करणं, आमिष दाखवून बोलावणं, पक्ष्यांची अंडी-घरटी नासवणं, सगळं त्यात येतं. मिठाचा खडा ठेवून बंदुकीसह मचाणावर बसलात, तर घोडारोज यायच्या आधीच तुम्ही अडकलात. पूर्वी परवान्यावर हौशी शिकार चाले, ती 1991च्या दुरुस्तीनं संपली. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम 11खाली अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, हे खरं. पण ती पिकासाठी. भाचा सुट्टीत येणार म्हणून ती मिळत नाही.

गंमत अशी की तुमचा भाचा राहतो तिथेही घोडारोज आहेत, आणि ते इथूनच गेलेले. 1930च्या आसपास दक्षिण टेक्सासात किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणावर नीलगायी सोडल्या. त्या तिथं फोफावल्या. परका प्राणी म्हणून त्यांना तिथं बंद हंगाम नाही, जमीनमालक पैसे घेऊन शिकार करू देतो. इकडे नावात 'गाय' आहे म्हणून गाववाले हात उगारत नाहीत, आणि रात्रभर शेकोटीपाशी बसून शिव्या मात्र त्यालाच देतात. तिथलं स्थानिक हरीण मात्र तिथंही सरकारचंच. त्याला परवाना लागतो, हंगाम पाळावा लागतो. हे भाच्यानं सांगितलं नसेल.

त्या राज्याची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. 1995पासून तिथं शेतजमीन वन्यजीवांसाठी राखली तरी शेतीचीच कर-सवलत चालू राहते. अट अशी की ठरवून दिलेल्या सात कामांपैकी निदान तीन करायची. अधिवास सांभाळणं, धूप थांबवणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, आडोसा आणि मोजदाद, अशी ती सात. आपल्याकडे सवलत-बिवलत काही नाही, पण तुमच्यासाठी मी त्यातली तीन निवडते : आडोसा, पाणी, मोजदाद. खाऊ घालण्याचं नाव काढू नका. तुम्ही पेरलेलं खाऊन घोडारोज तृप्त होऊन परत जात नाही. तो शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरतो, आणि शेजारी तुमच्या दारात येतो.

आडोसा म्हणजे तो 3 बिघ्यांचा तुकडा. त्याला हात लावू नका, म्हणजे 'स्वच्छ' करू नका. आपल्या लोकांना पडीक जमीन दिसली की ट्रॅक्टर फिरवावासा वाटतो. माझ्या दिरांनी सिमरोलला असाच तुकडा साफ करून 40 गुलमोहर लावले आणि त्याला जंगल म्हणतात. त्यात आजवर एक होला बसलेला मी पाहिला, तोही विजेच्या तारेवरून उतरून. बोर, करवंद, खैर, पळस आहेत ते राहू द्या. घाणेरी तेवढी काढा. श्रावणात माती मऊ असते तेव्हा मुळासकट निघते, वैशाखात नुसती वरून कापून घाम गाळू नका. गवताचा अर्धा भाग यंदा कापा, अर्धा पुढच्या वर्षी, आणि दिवाळीआधी विळा लावू नका. आपल्या माळव्यात बीड, म्हणजे गवताचं कुरण, राखायची रीत हीच होती : पावसाळाभर गुरं बंद, कापणी नंतर. धार जिल्ह्यातलं सरदारपूर आणि रतलामकडचं सैलाना इथं 1983 साली खरमोर या पक्ष्यासाठी अभयारण्यं झाली, ती असल्याच गवताळ जमिनीमुळे. खरमोर पावसाळ्यात येतो, नर गवतातून उंच उड्या मारतो, मादी जमिनीवर अंडी घालते. चोरलला खरमोर येईल असं मी म्हणत नाही, तुमचा भाग डोंगराळ आहे. पण तितर, लावा, टिटवी, ससा यांचंही सगळं जमिनीवरच असतं.

म्हणूनच नरवाईचं, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांचं, सांगते. गहू निघाला की एप्रिलात काडी लावायची सवय तुमच्या बटाईदाराला असेल. तितराचा विणीचा काळ तेव्हाच सुरू होतो. आग 8 बिघ्यांत लागते आणि वाऱ्यानं नाल्याच्या गवतात जाते, मग तुमचं बाकीचं सगळं करणं वाया. रोटाव्हेटरचं भाडं तुम्ही द्या, पण काडी लावू देऊ नका. बटाईदाराशी हे पेरणीआधीच ठरवून घ्या, कापणीनंतर तो ऐकणार नाही.

पाणी. नाल्याच्या कडेला काळी माती असेल तिथं उथळ खड्डा घ्या, एक बाजू बशीसारखी उतरती. प्लास्टिक अंथरलेलं, चारी बाजूंनी सरळ भिंतींचं शेततळं जनावराला सापळा ठरतं. आणि तुमची जुनी विहीर? पत्रात तिचा उल्लेख नाही, पण चोरलकडे 11 बिघ्यांत विहीर नसेल असं होणार नाही. तिला कठडा आहे का?

हे विचारायचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या विहिरीत रानमांजर पडलं. सकाळी बटाईदाराची मुलगी पळत आली, "बाई, विहिरीत बिबट्याचं पिल्लू." जाऊन पाहिलं तर कडेच्या दगडाला चिकटून ते बसलेलं, कान मागे, अंग भिजून अर्ध्यावर आलेलं. बाजेला चार दोर बांधून खाली सोडली. बिचारं चढून बसलं, पण ओढायला लागलो की पुन्हा पाण्यात उडी. तीनदा हेच. तोवर काठावर निम्मं गाव जमलं, मोबाइल काढून. शेवटी बाभळीची लांब फांदी काट्यांसकट तिरकी टेकवली, बाज तशीच पाण्यावर ठेवली आणि सगळ्यांना हाकललं. हे सर्वांत अवघड काम. पहाटे जाऊन पाहिलं तर विहीर रिकामी, बाजेच्या निवारीवर चिखलाचे पंजे आणि अर्धा खाल्लेला बेडूक. ती फांदी अजून तिथंच आहे, दर दोन वर्षांनी बदलते. बिबट्या पडला तर मात्र बाज-फांदीचे प्रयोग करू नका, रेंजरला फोन करा. तुमच्या बाजूला बिबटे आहेत.

मोजदादीला कॅमेरा नको. दर महिन्याच्या 1 तारखेला सकाळी त्याच पाऊलवाटेनं चाला, वहीत लिहा. घोडारोज पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, ढीग होतो. ढीग ताजा की वाळलेला, एवढ्यावरून तो येतो-जातो ते कळतं. वाटेवर दोन हात जागेत बारीक माती पसरून ठेवा, ठसे उमटतात.

राहिलं पीक. घोडारोज उंच उडी मारतो, साधं कुंपण त्याला अडवत नाही. बांधावर जुन्या साड्या लावतात. पहिला आठवडा छान चालतं, मग तो साड्यांना ओळखतो. कडेला काटेरी करडईच्या चार-पाच ओळी आणि हरभरा आतल्या बाजूला, हे थोडं टिकतं. सौर कुंपणाचा झटका वेगळा. खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. त्यात बिबटे मेलेत, माणसंही. नुकसान झालं की लगेच तहसीलमध्ये अर्ज द्या, पटवाऱ्याकडून पंचनामा करून घ्या. भरपाईची तरतूद महसुली परिपत्रकातच आहे. ऑक्टोबर 2025मध्ये शाजापूरकडे कळवीट आणि घोडारोज हेलिकॉप्टरनं हाकून, पकडून हलवले. तुमच्या 11 बिघ्यांसाठी हेलिकॉप्टर येणार नाही.

भाचा आलाच तर त्याला रालामंडलला न्या. टेकडीवर होळकरांचं शिकारगाह आहे, आणि खाली 1989पासून अभयारण्य.

प्रश्न : आजोबांच्या काळातली सांबराची शिंगं बैठकीत आहेत. कागद काही नाही. काय करावं? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर ती ठेवता येत नाहीत, कितीही जुनी असली तरी. वारशानं आलेली वस्तू 90 दिवसांत जाहीर करायची असते, आणि राहून गेलेल्यांना 2003मध्ये खास मुदत मिळाली होती. तीही तुमच्या घरात कुणी पाळली नाही असं दिसतं. 2022च्या दुरुस्तीनं अशा वस्तू आपणहून, मोबदल्याशिवाय जमा करायची सोय झाली, पण ती प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. म्हणून नवरतन बागेतल्या वनखात्याच्या ऑफिसात आधी अर्ज द्या, पुढे काय करायचं ते त्यांनाच विचारा. स्वतः स्कूटरवर बांधून नेऊ नका. वाटेत कुणी अडवलं तर 'जमा करायलाच चाललो होतो' हे पटवून देणं जड जातं.