ट्रकवर जायचं म्हणतोय, पाठवू का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाव खानापूर तालुक्यातलं. मुलगा २० वर्षांचा, आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलेला. वर्षभर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, आता ते नको म्हणतो. तुमचा भाऊ दहा चाकी चालवतो, कधी मुंबई, कधी चेन्नई. तो म्हणतो, "भाच्याला माझ्याबरोबर पाठव, सहा महिन्यांत स्टिअरिंग हातात देतो." मालक म्हणतात, शिकलेल्या पोरानं ड्रायव्हरकी करायची नाही. आणि पत्राच्या समासात, बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, "ड्रायव्हरला मुलगी कोण देणार?"

एक खुलासा आधीच करतो. तुमच्या पत्रातले मालक म्हणजे घरधनी. पुढं मी मालक म्हणेन तो गाडीचा मालक. घरी वाचून दाखवताना गोंधळ नको.

जाऊ द्या त्याला. पण आणखी चार महिन्यांनी, आणि पहिले सहा महिने डाव्या बाजूच्या सीटवर.

चार महिने अशासाठी की ट्रकचं शिकाऊ लायसन्स काढायला नुसतं वय २० भरून चालत नाही, हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष व्हावं लागतं. त्याच्या कारच्या लायसन्सला आठ महिने झाले, हे तुम्हीच लिहिलंय. वर्ष भरलं की बेळगाव आरटीओत डॉक्टरच्या दाखल्यासह अर्ज करायचा, शिकाऊ लायसन्स घ्यायचं, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून त्यांचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि निदान ३० दिवसांनी परीक्षेला उभं राहायचं. पक्कं लायसन्स ५ वर्षं चालतं. डॉक्टरकडं नुसता शिक्का मारून घेऊ नका. डोळे खरंच तपासून घ्या. समोरच्या गाडीचे लाइट फुटल्यासारखे, पसरलेले दिसत असतील तर चष्म्याची गरज आत्ताच कळलेली बरी.

पक्कं लायसन्स यायच्या आधी तुमचा भाऊ एक गोष्ट करणार, मी पैज लावतो. रात्री धारवाडच्या पुढं रस्ता मोकळा दिसला की "घे थोडी" म्हणून गाडी भाच्याकडं देणार. प्रेमानंच देणार. त्या दहा मिनिटांत काही झालं तर विमा कंपनी जखमींना भरपाई देईलही, पण मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायला बघेल आणि मालक तुमच्या भावाचा गळा धरेल. माझं भाऊ ऐकणार नाही, बहिणीचं ऐकेल. तुम्हीच सांगा.

डाव्या सीटवर बसून काय शिकायचं? एक उदाहरण देतो, हे आयटीआयत शिकवलेलं नसणार. मागच्या चाकांना टायर जोडीनं असतात. आतला बसला तरी बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा टायर भार उचलून धरतो. म्हणून गाडी ढाब्यावर लागली की चहाच्या आधी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरायचं आणि एकेका टायरवर ठोका द्यायचा. भरलेला टायर टॉमी परत फेकतो, आवाज टणक येतो. बसलेला टायर ठोका गिळून टाकतो. घाट उतरून आला असाल तर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्यायची, टेकवायची नाही. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरून बसलाय. पुढचं मेकॅनिक पोराला सांगायला नको. रस्त्यावर निम्मे ड्रायव्हर इथंच अडतात, फोन करून मिस्त्रीची वाट बघत बसतात. तुमच्या मुलाचा आयटीआय वाया गेला असं घरी कुणी म्हणत असेल तर हे वाचून दाखवा.

घाटाचंही त्याला आत्ताच कळू दे. मुंबईकडं जाताना तवंदी, खंबाटकी, मग पुण्याजवळ नवा कात्रज बोगदा सोडला की नवले पुलाचा उतार. त्या उतारावर अपघात झाला की बहुतेक वेळा तीच कहाणी ऐकू येते, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती. दहा चाकीचं मालासकट वजन कायद्यानं साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं. एवढा भार नुसत्या ब्रेकवर धरला तर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक लागत नाही. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, वर सारखा पाय दिला की टाकीतली हवा उतरते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू ठेवायचा, ब्रेकवर पाय मोजकाच. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

आता झोप. तुमची भीती व्यसनांची आहे, माझी झोपेची. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असायची सक्ती २०१८ साली उठली, तेव्हापासून बऱ्याच गाड्यांवर माणूस एकटाच असतो. एकटा माणूस झोप मारायला गुटखा खातो, गाणी मोठ्यानं लावतो, चहावर चहा घेतो. यातलं काहीही पहाटे दोन ते पाचच्या मध्ये भरवशाचं नाही. डोळा लागतो तो दोन-चार सेकंदांचा असतो, आणि ८० च्या वेगानं गाडी दोन सेकंदांत ४० मीटरच्या पुढं जाते. त्या वेळात गाडी पंपावर किंवा ढाब्यावर आत घेऊन झोपायचं, हा नियम मामा-भाच्यानं घरून ठरवून निघावं. रस्त्याकडेला लाइट बंद करून नाही. जेवण रात्री हलकं. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते, ढाब्याच्या तर्रीपेक्षा पोटाला बरी. आणि पाणी प्यायचं. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी न पिणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. माझे चुलते त्यातलेच. शिवाय ते केबिनमधून उडी मारून उतरायचे. मुतखडा आणि गुडघे, दोन्ही साठीच्या आत.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी यांच्या तारखा त्यानं स्वतःच्या वहीत लिहून ठेवाव्यात, "मालक बघतो" यावर राहू नये. मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी चालतात. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला जीएसटीचं ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. बेळगाव ते बेंगळूर साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधीच ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन करायचा, वाढवून मिळते.

मालक कसा निवडायचा, यावर मात्र दोन संध्याकाळी खर्च करा. भाऊ चांगला आहे म्हणून त्याचा मालक चांगला असेलच असं नाही. पगार महिन्याचा की ट्रिपवर? गाडी खाली व्हायला तीन दिवस रांगेत उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो का? वराई-हमाली, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, ट्रिपच्या खर्चीत धरलेली असते की ड्रायव्हरच्या खिशातून जाते? ॲव्हरेज कमी पडलं तर पगारातून कापतो का? ओव्हरलोड भरतो का? याला दंड २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००, तो मालक भरेल, पण उतारावर ती गाडी तुमच्या मुलाला आवरायची आहे. ही विचारपूस त्याच मालकाच्या जुन्या, सोडून गेलेल्या ड्रायव्हरकडं करावी, खरं तिथं कळतं. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेणारा सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. उद्याच काढा. पुरेसा नाही, पण काढा.

आपल्या भागातल्या पोराला एक गोष्ट फुकट मिळालीय. घरात मराठी, बाजारात कन्नड, ट्रकवर हिंदी. निपाणीकडचा रस्ता आणि हुबळीकडचा रस्ता, दोन्हीकडं त्याला बोलता येतं. ज्या गावात गाडी अडते तिथं मिस्त्री, पोलीस, हमाल यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस लवकर सुटतो. कन्नड वाचता येत नसेल तर या चार महिन्यांत शिकू दे, पुढं वायव्य परिवहनची, म्हणजे इथल्या सरकारी बसची, भरती निघाली तरी कामाला येईल. आणि सीमाप्रश्नाची हवा तापली की नंबर प्लेट बघितली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. अशा दिवशी गाडी नाक्याच्या अलीकडं मोठ्या पंपावर लावून थांबायचं, माल उशिरा पोचू दे.

राहिला समासातला प्रश्न. खोटं बोलणार नाही, स्थळं येताना अडतात. मुलीचे वडील विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढं महिना-महिना बाहेर राहणारा, घरी येऊन झोपणारा माणूस असतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांनंतर लांबचा रूट सोडून कोल्हापूर, गोवा, हुबळी अशा एका-दोन दिवसांत परत येणाऱ्या गाड्यांवर जाता येतं का, ते आत्तापासून डोक्यात ठेवावं. पैसे थोडे कमी, पण आठवड्यात दोन-तीन रात्री घरी. आणि स्वतःची गाडी कर्जावर घ्यायची घाई पाच वर्षं तरी नको. हप्ता रिकामी गाडी बघत नाही.

वर्ष भरलं की त्याला घेऊन एखाद्या शनिवारी या. मामालाही आणा. मला खरं तर आधी त्याच्याशीच बोलायचंय.