‘पॅटर्न कॉइन’ला मराठीत काय म्हणावे?

वेगळ्या धातूत पाडून पाहिलेल्या, पण चलनात न आलेल्या नाण्याला ‘प्रायोगिक नाणे’ म्हणावे की ‘नमुना नाणे’, असा प्रश्न आला आहे. ‘काय नमुना आहे!’ असे आपण माणसाला म्हणतो, त्यामुळे दुसरा शब्द हलका वाटतो, ही शंकाही सोबत आहे.

माझे मत ‘नमुना नाणे’ या शब्दाला. कापडाचा, धान्याचा नमुना आधी दाखवायचा आणि पसंत पडला तर माल घ्यायचा, हा अर्थ बाजारात रोज वापरात आहे आणि या नाण्यांचे कामही नेमके तेच असते.

अमेरिकेतला अ‍ॅल्युमिनियमचा एक सेंट घ्या. १९७३ मध्ये तांबे इतके महागले की सेंटमधल्या धातूची किंमत त्याच्या दर्शनी किमतीला भिडू लागली. तेव्हा टाकसाळीने १९७४ सालाचा शिक्का असलेले पंधरा लाखांहून अधिक सेंट अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडले. त्यांवर नेहमीचाच लिंकन, पण वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी. तांब्याचा सेंट तीन ग्रॅमच्या वर भरे. काही नाणी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, सदस्यांना पाहायला दिली. नाणे टाकले की वस्तू देणाऱ्या विक्रीयंत्रांच्या उद्योगाने विरोध केला. मुलाने असे नाणे गिळले तर ते क्ष-किरणात नीट दिसणार नाही, असा डॉक्टरांचा आक्षेप होता, आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. प्रस्ताव बारगळला, नाणी वितळवली गेली. वाटलेल्यांपैकी काही मात्र परत आलीच नाहीत. एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

केवळ धातू वेगळा म्हणून नाणे नमुना ठरत नाही. आपल्याकडे १९६४ पासून तीन पैशांचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे सर्रास चालत होते. ते चलनी नाणे. उलट १९४३ मध्ये, युद्धासाठी तांबे वाचवायला अमेरिकेत जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले जात असताना, मोजके सेंट जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पडले. ती टाकसाळीची चूक. अशा नाण्याला मी ‘धातुचूक नाणे’ म्हणेन. नमुन्यामागे हेतू असतो, इथे तो नव्हता.

‘प्रायोगिक नाणे’ चुकीचे नाही, पण त्यातून प्रयोग कळतो, मंजुरीसाठी पुढे ठेवणे कळत नाही. आणि क्रियापद ‘बनवणे’ नको, ‘पाडणे’च हवे: ‘१९७४ सालाचा सेंट अ‍ॅल्युमिनियममध्ये नमुना म्हणून पाडला होता.’